संशय, प्रयोजन आणि शॉकअप

मंडळी, मागच्या रविवारी भाचा आपली फोर-व्हील-ड्राइव्ह थार घेऊन घरी आला. आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार झालेली, २०२० नंतरचं मॉडेल. म्हणाला, "मामा, स्प्रिंगा-शॉकअप बदलून गाडी दोन इंच उचलून घेतो. करू का?" आता मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. पण 'करू का' हा प्रश्न नुसता गाडीचा नाही, निर्णयाचाही आहे.

न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी आहे. तिच्यात 'संशया'नंतर 'प्रयोजन' येतं, मग 'दृष्टांत'. 'निर्णय' थेट नववा. आपण मात्र संशयावरून निर्णयावरच उडी मारतो.

म्हणून विचारलं, "कशासाठी?" तर म्हणाला, "हरसूलच्या वाटेवर आईला मागे फार धक्के बसतात. कंबर धरते तिची." आई म्हणजे माझी थोरली बहीण. हे झालं प्रयोजन.

आता दृष्टांत. त्याच्या मित्राने स्प्रिंगा बदलल्या आणि गाडी मऊ झाली. पण ती जुनी थार, मागे पाटे असलेली. याच्या गाडीला मागेही कॉइल स्प्रिंग आहे. म्हणजे दृष्टांत लागूच पडत नाही.

बघा, स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिची उसळी आवरतो. जड सामानासाठी केलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत घातली, तर धक्के वाढतात. उंचीने खालचे दगड चुकतील, कंबर नाही सुटायची. उलट गुरुत्वमध्य वर जातो, घाटातल्या वळणावर गाडी जास्त कलते आणि बहिणीला चढायची पायरीही उंच होते. वॉरंटीचा प्रश्न येतो. मूळ रचनेत मोठा बदल केला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

मग करायचं काय? आधी टायरमधली हवा, झिजलेले बुश, गळणारे शॉकअप तपासा. मागची सीट मागच्या ॲक्सलजवळ असते, तिथे दणका जास्त. आईला पुढे बसवा. एवढ्यानं भागलं नाही, तर उंची तीच ठेवून चांगले शॉकअप घाला. गाडीवर कायमचं जड ओझं असेल, किंवा खडकाळ वाटेवर ती खरंच खाली घासत असेल, तर स्प्रिंग बदलण्याला अर्थ आहे.

भाचा जरा गप्प झाला. मग हसून म्हणाला, "खरं सांगू मामा? उंच गाडी मला आवडते."

हेही प्रयोजनच आहे, मंडळी. त्याची किंमत मोजायची तयारी असेल, तर त्याचाही विचार करता येईल. फक्त ते आईच्या कंबरेच्या नावावर मांडू नये.