उच्च रक्तदाब आणि बाधिर्य

पोंभुर्णा परिसरात पन्नाशीनंतर ऐकू कमी आले की ‘वय झाले’ म्हणून विषय संपतो आणि औषधालयातून कर्णबिंदूची कुपी घरी जाते. रक्तदाब मोजण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. याविषयी आम्ही व्यवसायबंधूंपुढे काही विचार ठेवीत आहोत.

अंतःकर्णातील शंखाकृती श्रवणेंद्रियाला रक्त पुरविणारी धमनी अतिशय बारीक असून तिला पर्यायी मार्ग जवळजवळ नाहीच. दीर्घकाळ वाढलेल्या दाबाने सूक्ष्म वाहिन्यांच्या भित्ती जाड व कठीण होतात, प्राणवायू कमी पडतो आणि ध्वनिग्राही केशपेशी क्षीण होतात. नष्ट झालेल्या या पेशी मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग वर्णिले असून त्यांतील बाधिर्यात कफानुबंधी वायू शब्दवह सिरांत ठाण मांडतो. विकृती बाह्य कर्णपथात नसून आतील वहनमार्गात आहे, हे दोन्ही वर्णनांत समान आहे. सबब केवळ कर्णपूरणाने येथे भागत नाही.

हा संबंध अनेक अभ्यासांत दिसला, तरी सर्वत्र सारखा नाही. वय, मधुमेह, तंबाखू व गोंगाट त्यात मिसळलेले असतात. आपल्या जिल्ह्यात तर कोळसा खाणीत राबलेला रुग्ण नेहमीचाच. गोंगाटजन्य बाधिर्यात श्रवणालेखावर ४००० हर्ट्‌झच्या आसपास खाच दिसते; रक्तदाबाची अशी स्वतंत्र खूण नाही. म्हणून श्रवणमापन करावे आणि दाब निरनिराळ्या दिवशी मोजावा. नाडीच्या ठेक्यावर कर्णनाद होत असल्यास तर अवश्य.

मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मांडला आणि आपली ही वनस्पती जगभर गेली. तिने नाक चोंदते, मन खिन्न होते. चोंदल्या नाकाने कानही दडपल्यासारखा होऊ शकतो, ते बाधिर्य समजू नये. यष्टीमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास दाब वाढतो, आणि लवणभास्करात तर लवण विपुल. औषधविक्रेत्या बंधूंनी ही दोन्ही रक्तदाबाच्या रुग्णास महिनोन्‌महिने विनाचौकशी देऊ नयेत.

एका कानाने अकस्मात ऐकू येणे बंद झाले, तर मात्र तेल घालून वाट पाहू नये. हे क्वचित मेंदूच्या रक्तवाहिनीतील अवरोधाचेही लक्षण असते. सोबत चक्कर किंवा अडखळते बोलणे असल्यास शंका अधिक. एरवीही स्टिरॉइडचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांतच अधिक होतो. रुग्ण त्याच दिवशी चंद्रपूरला पाठवावा. चिठ्ठीत रक्तदाबाचा आकडा व चालू औषधे, आपली काष्ठौषधी धरून, लिहावीत.