पान पिवळे पडले, म्हणजे नेमके कुठे?



श्रावण लागला की आमच्याकडे एकाच नमुन्याची विचारणा सुरू होते. “भात करपलं आहे, औषध सांगा.” बस्स, एवढेच. आता तुम्हीच सांगा, रेडिओच्या खोलीत बसून औषध सांगायचे तरी कोणते? रेडिओला डोळे नसतात. तुम्ही जेवढे सांगाल तेवढेच आम्हाला दिसते. हल्ली काहीजण फोनवर फोटो पाठवतात, पण वरून काढलेल्या फोटोत नुसता हिरवा-पिवळा पट्टा दिसतो. पानाची खालची बाजू, पेर, पात्याचा सांधा काहीच दिसत नाही. म्हणून आज झाडाच्या अवयवांची नावे आणि ती सांगायची रीत पाहू.

सुरुवात करपण्यापासूनच करू. भाईंदर पश्चिमेकडे राई, मुर्धे, मोर्वे, तिथून डोंगरी-उत्तन हा पट्टा घ्या. इमारती वाढल्या, शेती आक्रसली. तरी ज्याच्याकडे दोन खाचरे उरली आहेत त्याच्या एका बाजूला खाडी आहे. इथे ‘करपलं’ या एका शब्दात तीन वेगळी दुखणी दडलेली असतात.

पहिला करपा, म्हणजे बुरशी. याचा ठिपका होडीसारखा असतो : मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात राखी रंग आणि भोवती तपकिरी काठ. ठिपके पात्यावर कुठेही असतात. दुसरा कडा करपा. हा जिवाणूंचा रोग. तो बहुधा टोकाकडून सुरू होतो आणि पात्याच्या कडेकडेने खाली उतरतो. पिवळा भाग आणि हिरवा भाग यांमधली हद्द सरळ नसते, नागमोडी असते. शंका वाटली तर ताजे पाते कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभे धरा. कापलेल्या जागेतून दुधासारखी धार सुटली तर जिवाणू समजा. तिसरे दुखणे रोगच नव्हे, तो खार. यात पात्यांची टोके पांढरी पडून वाळतात, वाढ खुंटते, आणि शेतात सगळीकडे सारखे न दिसता ठिकठिकाणी चट्टे दिसतात, बांधाकडच्या बाजूला जास्त.

आता फरक बघा. बुरशीनाशक पहिल्याला लागू पडते. कडा करप्यावर ते मारले तर पैसे पाण्यात. तिथे युरियाचा पुढचा हप्ता थांबवायचा आणि त्या खाचराचे पाणी शेजारच्या खाचरात जाऊ द्यायचे नाही. आणि खारावर तर कोणतीच फवारणी कामाची नाही. खारबांधाला खांड पडली आहे का, उघाडीचे झडप नीट बसते का, हे पाहायचे आणि पावसाचे गोडे पाणी कोंडून, मग सोडून, जमीन धुवायची. पुढच्या हंगामासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या खार सोसणाऱ्या जातींची चौकशी करा. म्हणजे ‘टोक’, ‘कड’ आणि ‘ठिपका’ हे तीन शब्द नीट वापरले तर एका पंपाचा खर्च वाचतो, कधी पीकही वाचते.

पुस्तकात देठाला पर्णवृंत म्हणतात आणि पाकळीला प्रदल. परीक्षेला ते ठीक. आम्हाला देठ आणि पाकळी लिहा, काही अडत नाही. पण दोन शब्द असे आहेत की त्यांना गावचा शब्द सहसा सापडत नाही, म्हणून ते शिकूनच घ्या : जिव्हिका आणि कर्णिका.

भाताच्या पानाला देठ नसतो. पानाचा खालचा भाग खोडाभोवती म्यानासारखा गुंडाळलेला असतो, त्याला पर्णावरण म्हणतात, आणि वरचा मोकळा भाग म्हणजे पाते. जिथे पाते आवरणाला मिळते तो सांधा हलक्या हाताने मागे वाकवून बघा. आत पातळ पापुद्र्याची जीभ उभी दिसेल, टोकाशी दुभंगलेली. ती जिव्हिका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना केसाळ, आकड्यासारखे कान दिसतील. त्या कर्णिका. भाताला दोन्ही असतात. सांव्याच्या जातीचे जे गवत भातात उगवते (गावागावात त्याचे नाव बदलते, तोच घोळ होतो), त्याला यांतले काहीच नसते; सांधा साफ असतो. तीन-चार पानांवर दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. बेणणी करताना भात उपटले जाते आणि गवत राहते, ते याच वेळी. मात्र जंगली भाताला जीभही असते आणि कानही, त्याला ही खूण चालत नाही. लव्हाळ्याचे ओळखणे सोपे : त्याचा दांडा बोटांत फिरवा, तिधारी लागतो.

आता शेवगा. “शेवग्याची पानं गळतात” असे लोक लिहितात. तुम्ही ज्याला पान म्हणता ते पानाचे दल, म्हणजे पर्णिका. खरे पान हातभर लांब, फाटे फुटलेले, डहाळीसारखे असते. ओळखायचे कसे? पानाच्या बगलेत, म्हणजे पान खोडाला चिकटते तिथे, डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. नारळाची अख्खी झावळी हे एकच पान. माती-पान परीक्षणासाठी मोठ्या माडाची चौदावी झावळी घ्या म्हणतात, ती शेंड्याच्या पूर्ण उमललेल्या झावळीपासून मोजायची, बुंध्याकडून नव्हे.

पिवळेपणाचेही तसेच. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोहाकडे बघा.

आणि पान उलटून बघा हो! काकडीवर पिठासारखा पांढरा थर वरच्या बाजूला असला तर ती भुरी. वर शिरांनी अडवलेले कोनदार पिवळे ठिपके आणि खाली करडी बुरशी असली तर तो केवडा. दोघांची औषधे वेगळी. उलट खाडीकाठच्या तिवराचे पान खालून पांढुरके असतेच, तो रोग नव्हे.

वेलभाजीवाल्यांची तक्रार असते की फुले खूप, फळ धरत नाही. फुलाच्या मागे बघा. बोटाएवढे बाळफळ असेल ते मादी फूल, नुसता देठ असेल तो नर. सुरुवातीला नरच जास्त येतात, घाबरून संजीवक मारू नका. मादी फुले असूनही गळत असतील तर परागीभवन होत नाही. नराचे केसर मादी फुलाच्या मधल्या टोकावर हाताने टेकवा. दुधी आणि शिराळ्याला हे संध्याकाळी करायचे, कारण त्यांची फुले तेव्हा उमलतात. काकडी, कारले, भोपळा यांना सकाळी.

पपई लावणाऱ्यांसाठी : लांब लोंबत्या दांड्यावर फुलांचे झुबके म्हणजे नर झाड, खोडालगत एकेकटे मोठे फूल म्हणजे मादी.

तेव्हा पुढच्या वेळी पत्र लिहाल त्यात एवढे असू द्या : पीक व जात, लावणीला किती दिवस झाले, जुने पान की नवे, टोक की कड की मधली शीर, वरची बाजू की खालची, शेतभर की चट्ट्यात, आणि बांध खाडीपासून किती लांब. रोप पाठवायचे तर मुळासकट उपटा, माती झटका, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. आमच्यापर्यंत येईतो ते कुजते आणि मग त्याच्यावर तिसरीच बुरशी वाढलेली असते.