नेटवर्क-बूट सर्व्हरचे दोषनिदान : युनिक्स प्रणालीच्या संदर्भात

ज्या संगणकाला स्वतःची डिस्क नाही, अथवा डिस्क असूनही तीवर अद्याप काही लिहिलेले नाही, त्याला आपली कार्यप्रणाली जाळ्यातील दुसऱ्या यंत्राकडून मागून घ्यावी लागते. ही मागणी पुरविणाऱ्या यंत्रास नेटवर्क-बूट सर्व्हर म्हणतात. प्रयोगशाळेतील चाळीस यंत्रे अशा एका सर्व्हरवर अवलंबून असतील, तर तो बंद पडताच चाळीसही पडदे काळे राहतात. हा दोष निदान उघड तरी असतो. खरी कसोटी लागते ती तेच यंत्र सकाळी सुरू होते व दुपारी होत नाही, अशा वेळी. घाईने एकाच वेळी चार ठिकाणी फेरफार केले असता दोष कदाचित नाहीसा होतो. पण त्याचे कारण अज्ञात राहते आणि पुरावाही पुसला जातो. म्हणून या विषयात उपायापेक्षा निदानाच्या क्रमाला अधिक महत्त्व आहे.

हा क्रम समजण्यासाठी बूट होण्याची क्रिया कोणत्या टप्प्यांनी घडते हे पाहिले पाहिजे. १९८५ साली बूटपी हा संकेत सिद्ध झाला व यंत्राला आपला पत्ता आणि आरंभीच्या फाइलीचे नाव एकाच उत्तरात मिळू लागले. १९९३ मध्ये त्याचाच विस्तार होऊन डीएचसीपी आले. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीएक्सई २.१ या विनिर्देशाने नेटवर्क कार्डातील फर्मवेअरचे वर्तन निश्चित केले. यंत्र प्रथम डीएचसीपीकडून पत्ता, सर्व्हरचा पत्ता व फाइलीचे नाव घेते. नंतर टीएफटीपीने ती फाइल उतरवून घेते. त्या फाइलीतील छोटा कार्यक्रम कर्नल मागवितो. आणि शेवटी कर्नल, बहुधा एनएफएसद्वारा, आपली मूळ फाइलव्यवस्था जोडतो. प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याच्या फळावर उभा असल्याने साखळी कोठे तुटली, हा निदानातील पहिला प्रश्न होय.

पडद्यावरील संदेश या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतो. 'पीएक्सई-ई५१' याचा अर्थ डीएचसीपीचे उत्तर आले नाही; 'ई५३' याचा अर्थ पत्ता मिळाला पण फाइलीचे नाव मिळाले नाही; 'ई३२' याचा अर्थ टीएफटीपीचे उत्तर वेळेत आले नाही. साखळी कोठे तुटली हे यावरून कळते. कोणामुळे तुटली हे कळत नाही. उत्तर न येणे म्हणजे सर्व्हरने ते दिले नाही, असे नव्हे. मागणी पोहोचली काय, उत्तर निघाले काय आणि ते परत पोहोचले काय, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. त्यांचा निर्णय टीसीपीडंपसारख्या साधनाने पोर्ट ६७, ६८ व ६९ वरील पॅकेटे प्रत्यक्ष पाहूनच करावा लागतो.

पहिल्या टप्प्यातील मागणी सर्वांना उद्देशून केलेली असते व ती राउटर ओलांडत नाही. सर्व्हर दुसऱ्या उपजाळ्यात असल्यास मध्ये रिले नेमावा लागतो. स्विचवर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग-ट्री चालू असेल, तर तार जोडल्यावर पोर्ट खुला होण्यास सुमारे ३० सेकंद लागतात, आणि तोवर फर्मवेअरचा धीर सुटू शकतो. कधी यश व कधी अपयश अशा दोषात मात्र आणखी एक शक्यता तपासावी. त्याच जाळ्यात दुसरा एखादा डीएचसीपी सर्व्हर, उदाहरणार्थ कोणी सहज जोडलेला घरगुती राउटर, उत्तरे देत असतो. दोघांत शर्यत लागते आणि तो जिंकला की यंत्राला पत्ता मिळतो, पण फाइलीचे नाव मिळत नाही.

टीएफटीपीची घडण साधी आहे, आणि तिचे दोष त्या साधेपणातूनच उद्भवतात. मागणी पोर्ट ६९ वर येते, पण सर्व्हर उत्तर देतो ते नव्याने घेतलेल्या पोर्टवरून. हा संबंध न ओळखणारी फायरवॉल ते संभाषण अडविते. म्हणून चाचणी सर्व्हरवर बसून न करता दुसऱ्या यंत्रावरून करावी. स्वतःशीच केलेल्या संभाषणात ती वाट येतच नाही. मूळ संकेतात एक खंड ५१२ बाइटांचा व खंडक्रमांक १६ बिटांचा असल्याने सुमारे ३२ मेगाबाइटांपुढील फाइल, खंडाचा आकार वाढविण्याची सोय नसल्यास, अर्ध्यावर अडकू शकते.

फाइलींच्या बाबतीत युनिक्सचे नियम लागू होतात. टीएफटीपीची सेवा सामान्यतः सर्वांस वाचनीय असलेलीच फाइल देते. सेवा 'टीएफटीपीबूट' या निर्देशिकेत कोंडलेली असेल, तर मागणीतील मार्गाच्या आरंभी तेच नाव पुन्हा आल्यास फाइल सापडत नाही. पीएक्सलिनक्स हा कार्यक्रम आपली मांडणीची फाइल यंत्राच्या पत्त्याच्या षोडशमान रूपाने शोधतो. १९२.१६८.१०.५ या पत्त्याचे रूप 'सी०ए८०ए०५' असे होते. त्यातील रोमन अक्षरे मोठ्या लिपीतच हवीत. ते न सापडल्यास तो शेवटचा एकेक अंक गाळीत जातो व अखेरीस 'डीफॉल्ट' फाइलीवर येतो. नोंदवहीतील 'फाइल नाही' अशा ओळींची रांग पाहून अनेकजण तीच चूक समजतात. वस्तुतः तो शोधाचा नियत क्रम असतो. फाइल पूर्ण उतरूनही यंत्र स्तब्ध राहिल्यास बायोससाठीची फाइल यूईएफआय यंत्राला दिली गेली नाही ना, हे पाहावे.

शेवटच्या टप्प्यात कर्नल चालू झालेला असतो. तेव्हा डीएचसीपीवर शंका घेण्याआधी एनएफएसची परवानगी तपासावी. लिनक्समध्ये एनएफएस सर्व्हर दूरच्या 'रूट' वापरकर्त्याचे अधिकार स्वाभाविकपणे काढून घेतो. त्यामुळे फाइलव्यवस्था जोडली जाते, पण लेखन नाकारले जाते.

या पद्धतीतून एक व्यापक बोधही निघतो. जुन्या बूट-साखळीत यंत्र प्रथम येणाऱ्या उत्तरावर विश्वास ठेवते आणि टीएफटीपी कोणाचीही ओळख विचारीत नाही. ज्या घरगुती राउटरमुळे बूट अडते, त्याच्या जागी दुष्ट हेतूचा सर्व्हर असता तर यंत्र सुरू झाले असते, पण दुसऱ्याच्या कार्यप्रणालीवर. यास्तव अनाहूत डीएचसीपी उत्तरे स्विचवरच रोखणे आणि बूट-जाळे वेगळे ठेवणे ही दोषनिवारणाइतकीच सुरक्षेचीही बाब ठरते. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलापूर्वी पॅकेटांची नोंद, आणि साखळीच्या आरंभापासून क्रमाने तपास, एवढे पथ्य पाळल्यास लहरी भासणारा सर्व्हरही नियमानेच वागत होता, असे बहुधा आढळून येते.