तिसरा पेला बरकतीचा

घरी पाहुणे आले की तुमची अम्मी काय करते? लगेच चहा ठेवते. पाहुणे 'नको, नको' म्हणतात, तरी कप पुढे येतोच. आफ्रिकेतील इथिओपिया देशात हा मान कॉफीला आहे. तेथील जंगलांत कॉफीचे झाड आपोआप उगवते. म्हणून त्या देशाला कॉफीचे माहेरघर म्हणतात. तेथील अम्हारिक भाषेत कॉफीचे नाव 'बुना' आहे.

आपला चहा दहा मिनिटांत होतो. बुनाला मात्र तासाहून अधिक वेळ लागतो. बहुधा घरातील स्त्री ती तयार करते. ती जमिनीवर हिरवे गवत पसरते आणि लोबानसारखा सुगंधी धूप जाळते. मग कॉफीच्या कच्च्या बिया धुऊन शेगडीवर भाजते. बिया काळपट झाल्या की ती तवा उचलून पाहुण्यांसमोर फिरवते. प्रत्येकजण तो खमंग धूर हाताने आपल्याकडे ओढून घेतो. नंतर बिया कुटतात. ती पूड 'जेबेना' नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि बिनकानाच्या लहान पेल्यांत कॉफी ओततात. सोबत मक्याच्या लाह्या किंवा भाजलेले जव असतात.

कॉफीच्या तीन फेऱ्या होतात. पहिलीचे नाव 'अबोल'. मराठीत अबोल म्हणजे न बोलणारा. पण तेथे पहिल्या पेल्यापासूनच गप्पा सुरू होतात! दुसरी फेरी 'तोना' आणि तिसरी 'बरका'. हा शब्द तुमच्या ओळखीचा वाटला ना? अरबीतील 'बरका' आणि आपली 'बरकत' एकच. त्याच पुडीत पुन्हा पाणी घालून उकळतात, म्हणून तिसरा पेला सर्वांत फिका असतो. तरीही तो घेतल्याशिवाय उठणे बरे दिसत नाही, कारण तो आशीर्वादाचा पेला असतो.

एवढा वेळ का घालवायचा? कारण बुना एकट्याने पिण्याची वस्तू नाही. ती करताना शेजाऱ्यांना बोलावतात. ख्रिस्ती आणि मुसलमान, दोघांच्याही घरी ही रीत आहे. बिया भाजेपर्यंत कोण आजारी आहे, कोणाकडे बाळ झाले, हे सर्वांना कळते. रुसलेली दोन माणसे तीन पेले होईपर्यंत समोरासमोर बसली, तर रुसवा टिकणे कठीण! कॉफी फिकी होत जाते, ओळख मात्र गडद होत जाते.

अरब देशांतही कॉफी हे पाहुणचाराचे चिन्ह आहे. तेथे ती लहान फिंजानात थोडीशीच ओततात. पुरे झाली की पाहुणा फिंजान हलकेच हलवतो. या परंपरेला 2015 साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. भारतातील कॉफीची कथाही अरब भूमीशी जोडलेली आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संतांनी येमेनमधून सात बिया आणून कर्नाटकातील डोंगरात लावल्या, असे सांगतात. तो डोंगर आज बाबाबुदनगिरी म्हणून प्रसिद्ध आहे.

मित्रांनो, आज एकाच खोलीत बसलेली चार माणसेही आपापल्या मोबाईलमध्ये गुंग असतात. शेजारी एकटे राहणारे आजोबा चार दिवस दिसले नाहीत, तरी आपल्या लक्षात येत नाही. येत्या रविवारी त्यांना घरी बोलवा. चहा असो वा कॉफी, पेला छोटा असला तरी चालेल. पण उठायची घाई करू नका. बरकत शेवटच्या पेल्यात असते.