छप्पर हवा गाळत नाही

पावसाळा जवळ आला की महाराष्ट्रात छपरांची कामं निघतात. कोकणात कौलं शाकारली जातात, देशावर पत्रे बदलतात, शहरांत गच्च्यांना डांबर नाहीतर रंग लागतो. गेल्या काही वर्षांत या कामांच्या जाहिरातींत एक नवी भाषा आली आहे : पर्यावरणपूरक छप्पर, हिरवं छप्पर, हवा शुद्ध करणारं छप्पर. ऐकायला हे सगळं चांगलं वाटतं. त्यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे, आणि आरोग्याच्या बाबतीत अर्धवट खरं फार महागात पडतं.

छपराचा हवेशी संबंध तीन वाटांनी येतो. ते तयार करताना काय जळलं, त्याच्याखाली राहणाऱ्यांना रोज काय जाळावं लागतं, आणि झिजताना किंवा फुटताना त्यातून काय सुटतं. हवा गाळण्याचं काम या यादीत जवळजवळ नाहीच. नेमकं तेच काम विकणारे सगळ्यात पुढे करतात.

गैरसमज : गच्चीवर बाग केली की परिसराची हवा शुद्ध होते.

पानांवर धूळ बसते, काही वायू पानं शोषून घेतात, हे खरं आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. शिकागो शहरातल्या हिरव्या छपरांचा एक हिशोब 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 19.8 हेक्टर हिरव्या छपरांनी वर्षभरात 1,675 किलो प्रदूषकं हवेतून काढली. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग ओझोनचा होता, धूलिकणांचा वाटा 14 टक्के. म्हणजे एका चौरस मीटरमागे वर्षाला साधारण साडेआठ ग्रॅम. शिकागोचं हवामान वेगळं, झाडं वेगळी, त्यामुळे हा आकडा पुण्याला किंवा ठाण्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण अंदाजापुरता धरला, तर दोनशे चौरस मीटरची गच्ची पूर्ण हिरवी केल्यावर वर्षभरात पाव किलोच्या आतबाहेर धूळ अडते. हिवाळ्यात सोसायटीच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचे ढीग पेटवले जातात. एक किलो पाला जळला तरी काही ग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. असे मोजके ढीग बागेची वर्षाची कमाई संपवतात.

म्हणून बाग करू नये असं मुळीच नाही. मातीचा थर स्लॅबला उन्हापासून वाचवतो, पावसाचं पाणी काही काळ धरून ठेवतो आणि सोसायटीचा ओला कचरा व पाचोळा तिथेच जिरवता येतो. माझ्या मते गच्चीवरच्या बागेचा हवेला होणारा सर्वांत मोठा फायदा हाच : पाचोळा जाळावा लागत नाही.

गैरसमज : पांढरी गच्ची घर थंड ठेवते, म्हणजे ती हवाही स्वच्छ करते.

पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा गडद गच्चीचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे तापतो. चांगला पांढरा लेप नवा असताना सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परत फेकतो. साधं काँक्रीट त्यातला मोठा भाग शोषतं. घरातलं तापमान यामुळे दोन ते पाच अंशांनी उतरल्याचे अनुभव देशात ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत. अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्यात पांढऱ्या छपरांना जागा मिळाली, तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. महागडा लेपच हवा असंही नाही. चुन्याचा हात, किंवा जुन्या गच्च्यांवर दिसणारं पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझेक हेही चांगलं काम करतं. फक्त चुना पावसात धुपतो, तो दरवर्षी लावावा लागतो. आणि कुठलाही पांढरा पृष्ठभाग धुळीने मळला की त्याची परत फेकण्याची ताकद उतरते. गच्ची धुणं हा या उपायाचाच भाग आहे.

दुसऱ्या भागाची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. ओझोन हा वायू कुठल्याही धुरांड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांच्या धुरातली नायट्रोजन ऑक्साइड्स आणि रंग, इंधन, द्रावकं यांतून उडणारी सेंद्रिय वाफ उन्हात एकत्र आली की तो तयार होतो. उष्णता वाढली की ही प्रक्रिया वेग घेते. त्यामुळे शहर थंड झालं तर ओझोन कमी होईल, असा सरळ तर्क होता. 2017 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी हा तर्क संगणकीय प्रतिमानावर तपासला. सगळ्या शहराची छपरं पांढरी केली तर काय होईल? जमीन कमी तापते, त्यामुळे हवा वर कमी चढते आणि समुद्रावरून येणारा वाराही मंदावतो. प्रदूषण जिथे तयार झालं तिथेच जमिनीलगत अडकतं. त्यांच्या निष्कर्षात सूक्ष्म धूलिकणांचं प्रमाण वाढलं. लेपाने अतिनील किरणंही जास्त परत फेकली तर ओझोनही थोडा वाढू शकतो, असं त्यांना दिसलं.

एका बाजूला समुद्र आणि बाकी बाजूंना डोंगर अशा लॉस एंजलिसच्या खोऱ्याचं हे प्रतिमान आहे. ते वाचून चंद्रपूरच्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईला चुना लावू नका असं सांगणं क्रूरपणाचं होईल. उष्माघाताने माणसं मरतात. पांढरं छप्पर तिथे जीव वाचवतं. या अभ्यासातून घ्यायचं ते एवढंच की थंड छप्पर हा उष्णतेवरचा उपाय आहे. शहराच्या हवेसाठी वाहनं, बांधकामाची धूळ आणि कचरा जाळणं यांवर वेगळं काम करावंच लागेल.

खरा फायदा दूरवर होतो. घर दोन अंशांनी थंड झालं की पंखा, कूलर, एसी कमी चालतो. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा इथल्या औष्णिक केंद्रांच्या भोवती राहणारी माणसं या विजेची किंमत राखेने आणि धुराने मोजतात. गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनल बसवले तर दिवसाला सरासरी बाराएक युनिट वीज मिळते, शिवाय पॅनलच्या सावलीत स्लॅबही कमी तापतो. पॅनलखाली पांढरा लेप असेल तर दोन्ही कामं एकाच छपरावर होतात.

गैरसमज : कौल, गवत, माती म्हणजे नैसर्गिक, त्यांच्यापासून हवेला धोका नाही.

मंगलोरी कौलाचा इतिहास जर्मन-स्विस बाझल मिशनशी जोडलेला आहे. मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे कोकण-गोव्यासह पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक गावांचं रूप या लाल कौलांनी बदललं. कौल मातीचं असलं तरी ते भट्टीत भाजावं लागतं आणि भट्टीत लाकूड किंवा कोळसा जळतो. हा धूर कौलाच्या हिशोबात धरलाच पाहिजे. पण कौल पन्नास वर्षांहून जास्त टिकतं, एका घरावरून उतरवून दुसऱ्यावर चढतं, फुटलं तर तेवढंच बदलता येतं. म्हणून नवं कौल घेण्यापेक्षा जुनं सांभाळून वापरणं हवेसाठी केव्हाही चांगलं. कौलांच्या फटींतून हवा खेळते, चुलीचा धूर निघून जातो. त्याच घरावर घट्ट पत्रा टाकला आणि धुराडं ठेवलं नाही, तर तोच धूर स्वयंपाकघरात कोंडतो. छप्पर बदलताना हा विचार क्वचितच होतो आणि त्याची शिक्षा चुलीपुढे बसणारीला होते. गवताच्या छपराखालीही चूल असेल तर धूर आहेच. छप्पर नैसर्गिक असल्याने तो निरुपद्रवी होत नाही.

माळवदाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यातली मातीची जाड माळवदं भट्टी आणि सिमेंटशिवाय उभी राहत आणि उन्हाळ्यात घर गार ठेवत. हवेच्या दृष्टीने याहून निर्मळ छप्पर सापडणं कठीण. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि याच जड माळवदांखाली हजारो माणसं गेली. टिकाऊपणाच्या चर्चेत हे विसरून चालणार नाही. छप्पर पर्यावरणाला चांगलं असेल आणि भिंती ते पेलू शकत नसतील, तर ते चांगलं छप्पर नव्हे.

गैरसमज : डांबराचा वास गेला की त्रास संपला.

रहिवाशांपुरतं हे बरंचसं खरं असेल, कामगारांपुरतं नाही. गच्चीवर डांबर तापवताना निघणाऱ्या वाफेत घातक हायड्रोकार्बन असतात. छपराच्या कामात तापवलेल्या ऑक्सिडाइज्ड डांबराच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे. भट्टीखाली जुने टायर किंवा प्लास्टिक जाळू देऊ नका. जमत असेल तिथे पाण्यावर आधारित लेप निवडा. त्यात उडणाऱ्या द्रावकांचं प्रमाण कमी असतं.

गैरसमज : सिमेंटचा पत्रा म्हणजे नुसतं सिमेंट.

छपरांबद्दलच्या सगळ्या गैरसमजांत हा सर्वांत धोकादायक आहे. गोठे, शाळा, गोदामं, चाळींचे पोटमाळे, झोपड्या यांवर दिसणारे ते करडे नालीदार पत्रे बहुतेक ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे असतात. त्यात साधारण दहावा हिस्सा क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ‘पांढरं चालतं, निळं वाईट’ असं विक्रेते सांगतात. ते चूक आहे. जागतिक आरोग्य संघटना अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते. फुफ्फुसाचा कर्करोग, फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि फुफ्फुसं कडक करणारा अ‍ॅस्बेस्टोसिस हे आजार त्याच्या तंतूंमुळे होतात, आणि ते दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. अमेरिकेने 2024 मध्ये क्रायसोटाइलवर बंदी आणली. आपण ते रशिया, कझाकस्तान, ब्राझीलसारख्या देशांतून आणत आहोत. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं ठेवायला सांगितल्या, त्या आजाराच्या याच लांबलेल्या चालीमुळे. पत्रे कापणाऱ्या, भोकं पाडणाऱ्या गावोगावच्या मिस्त्रींची नोंद मात्र कुठेच नसते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डोक्यावर असा पत्रा आहे म्हणजे आजार ठरलेला, असं नाही. पत्रा अखंड असतो तेव्हा तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. धोका होतो तो पत्रा कापताना, खरवडताना, फोडताना आणि जुना होऊन भुगा सुटायला लागल्यावर. म्हणून धडधाकट पत्रा घाईने उतरवू नका. त्याला वरून रंगाचा लेप द्या. तारेच्या ब्रशने घासू नका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका. नवा पत्रा घेताना ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ असं लिहिलेलाच मागा. आयएस 459 हा शिक्का दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे.

आणि जुना पत्रा उतरवणं भागच असेल, तर तो आधी पाण्याने हलकेच भिजवा, स्क्रू सोडवून अखंड खाली घ्या, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भरू नका, कोरड्या झाडूने भुगा झाडू नका. रुमाल किंवा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानात पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा मास्क मिळतो, तो काम करणाऱ्या प्रत्येकाला घेऊन द्या. त्याचा खर्च मिस्त्रीच्या मजुरीतून कापू नका, आणि काम संपेपर्यंत मुलांना शेजारी पाठवा.