अरुंद तिरपा टंक

अरुंद तिरपा टंक हा ठळक मथळे, फलक, भित्तिपत्रके व वेष्टने यांसाठी वापरला जाणारा अक्षरसंच आहे. त्यातील अक्षरे उंचीच्या मानाने कमी रुंद व उजवीकडे कललेली असतात. सॅन्स-सेरिफ प्रकारात रेषांच्या टोकांना आडवी शेपटे नसतात.

इतिहास

तिरप्या रोमन अक्षरांचा छापील वापर व्हेनिसमधील मुद्रक आल्दुस मानुतियस यांनी रूढ केला. त्यांनी १५०१ साली व्हर्जिलचे काव्य या टंकात छापले. सॅन्स-सेरिफ टंकाचा पहिला छापील नमुना १८१६ साली विल्यम कॅसलन चौथे यांच्या नमुनापुस्तिकेत आढळतो. देवनागरी मुद्रणात मात्र तिरप्या अक्षरांची स्वतंत्र परंपरा नव्हती. शब्दावर भर देण्यासाठी ठळक किंवा मोठा टंक वापरला जाई. मराठी नाटकांच्या जाहिराती व नियतकालिकांची शीर्षके कमल शेडगे यांच्यासारख्या कलावंतांनी हाताने रेखाटली. संगणकयुगात 'तेको' व 'खंड' हे अरुंद देवनागरी टंक अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने उपलब्ध करून दिले. हे दोन्ही मुळात सरळ टंक आहेत.

देवनागरीतील अडचणी

कल देताना शिरोरेखा आडवीच राहते, केवळ उभे दंड झुकतात. १२ अंशांच्या कलात पायरेषेपासून १०० एकक उंचीवरील बिंदू सुमारे २१ एकक उजवीकडे सरकतो, तर पायरेषेखालील उकार डावीकडे जातो. त्यामुळे अनुस्वार, रफार व वेलांटी शेजारच्या अक्षराला भिडू शकतात.

अरुंदपणामुळे अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा घटते. 'ष्ठ', 'क्ष' यांसारखी जोडाक्षरे काळवंडतात. 'ख' चे दोन भाग नीट जोडलेले नसल्यास तो 'रव' असा वाचला जातो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही रूपे प्रमाण ठरवली. दोन पाकळ्यांचा 'ल' व दोन वाट्यांचा 'ळ' यांना रुंदी लागते. 'देवळाली प्रवरा' या गावनावात ही दोन्ही अक्षरे लागोपाठ येतात, त्यामुळे अशा टंकाची परीक्षा घेण्यास ते नाव योग्य ठरते.

योग्य वापर

सरळ टंक संगणकावर केवळ दाबून अरुंद केल्यास उभ्या रेषा बारीक होतात व आडव्या जाडच राहतात. म्हणून आराखड्यातच रुंदी, रेषेची जाडी व मात्रांचे स्थान नव्याने ठरवावे लागते. हा टंक थोड्या शब्दांच्या, मोठ्या आकारातील मजकुरालाच शोभतो. सलग वाचनाच्या मजकुरात त्याने डोळ्यांवर ताण येतो. औषधाची मात्रा किंवा धोक्याची सूचना यांसारख्या मजकुरासाठी तो टाळणे इष्ट, कारण तेथे एक अनुस्वार चुकीचा वाचला गेला तरी अर्थ बदलू शकतो.