कुंपणाआतली हिरवळ

अकोट्याहून विश्वामित्री ओलांडली की लक्ष्मीविलास राजवाड्याचे आवार लागते. १९३०च्या दशकात महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी तेथे युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान करविले. आज तेथे सभासदांचा क्लब आहे. शेजारच्या मोतीबागेत मात्र रणजी सामने झाले, सामान्य प्रेक्षक आत आले. नदीकाठची सयाजीबाग तर १८७९पासून सर्वांचीच.

हा फरक शब्दांतही उतरला आहे. क्रिकेटसाठी मराठीने षटक, यष्टी, झेल, पायचीत हे शब्द रुळवले. गोल्फचे ‘होल’, ‘टी’, ‘बर्डी’ तसेच राहिले. वर्गात मी विचारतो, ‘होल’ला मराठीत काय म्हणाल? गोट्या खेळलेले मूल चटकन ‘गल’ म्हणते. शब्द आपल्याकडे होता. त्या मैदानावर तो बोलणारे खेळले नाहीत.